पर्सवाले मास्तर

बुटीबोरीच्या एमआयडीसीत सकाळचा भोंगा झाला की कामगार गेटाकडे पळतात आणि आमचे निवृत्त मास्तर चहाच्या टपरीवर बोट वर करतात. "भोंगा म्हणजे प्रतीक! त्याचा न् कामाचा जन्माचा संबंध नाही. आपण ठरवलं, म्हणून." तेवढ्यात चिमणी धूर सोडते. "हा निर्देशक! आगीशिवाय धूर नाही. आपले नैयायिक डोंगरावरच्या धुरावरून हेच सांगून गेले." मग वळणावरच्या पाटीतला वाकडा बाण. "ही प्रतिमा. रस्ता वळतो तसा बाण वळतो."

चिन्हांचे हे तीन खण अमेरिकेच्या चार्ल्स सँडर्स पर्सचे (१८३९–१९१४). "स्पेलिंग काही असो, उच्चार पर्सच," मास्तर बजावतात. पर्स रसायनशास्त्र शिकला होता, हे ते आसपासच्या कारखान्यांकडे पाहून असं सांगतात, जणू तो इथंच ट्रेनी होता. १९०३ मध्ये त्यानं चिन्हांचे १० वर्ग पाडले, पुढं तो ६६ पर्यंत पोचला. मास्तर तीनवरच सुखी आहेत.

शर्टावर तर्री सांडली की ते डाग म्हणत नाहीत, 'पोह्यांचा निर्देशक' म्हणतात. मागून कंटेनरनं हॉर्न दिला की हलत नाहीत. आधी वर्ग ठरवतात. दंड धरून बाजूला ओढायचं काम आमचं.

टपरीत 'उधारी बंद'ची पाटी आहे. मास्तर बरोबर तिच्याखाली बसतात. "प्रतीक आहे ते. दोघांनी मानलं तरच चालतं. मी कुठं मानलं?"

"पर्स पर्स करता, मास्तर," टपरीवाला एकदा म्हणाला, "पण तुमची पर्स काही पाहिली नाही आपण."

परवा मात्र त्यांनी मोबाइल काढला, क्यूआर कोडवर धरला आणि हिरवी खूण त्याच्या नाकासमोर नाचवली. "गेले पैसे! पाहून घे."

टपरीवाल्यानं गाळणीतला चहा शांतपणे निथळू दिला. मग काउंटरवरच्या, पैसे आले की बोलणाऱ्या डबीकडे मान वळवली. डबी गप्प.

"प्रतिमा पाहिली जी," तो म्हणाला. "निर्देशक काही बोलून नाही राहिला."