चाकावरचं सरकार

कोल्हापुरात गाडी घेणं सोपं. गाडीवर काय लिहायचं, हे ठरवायला मात्र घरात तीन बैठका लागतात. पुढच्या काचेवर देव, मागच्या काचेवर आडनाव, डिकीवर ‘आईची पुण्याई’ आणि उरलेल्या जागेत ‘नाद खुळा’. नंबरप्लेट हा तर हक्काचा फळा होता. आकड्याची मान जरा इकडे, शेपूट जरा तिकडे केली की २१४ चा ‘राम’ होई, ४१४१ चा ‘दादा’ होई आणि ४९१२ चा ‘पवार’. नियमात हे कधीच बसत नव्हतं, पण रेडियमवाल्याच्या दुकानात बसत होतं.

मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना होलोग्रामवाली, ठोकून उठवलेल्या अक्षरांची, एकदा बसली की न निघणारी नंबरप्लेट आली. पुढे जुन्या गाड्यांनाही तीच लावायचा हुकूम निघाला. फळा गेला, खडू हातातच राहिला.

असा खडूसकट मागे राहिलेला जो माणूस गाडीभोवती फिरत फिरत शेवटी टायरपाशी उकिडवा बसला, तो चाकलेखक. राजांनी शिलालेख कोरले, ताम्रपट दिले. हा चाकलेख लिहितो. टायरच्या काळ्या भिंतीवर हाताला लागतील अशी उठावाची पांढरी अक्षरं आणि तीही घरी केलेली. बाजारात चिकटवायच्या अक्षरांचे तयार संच मिळतात, हे त्याला सांगायचं नसतं. पुरणपोळी विकत मिळते, हे आजीला सांगण्यासारखं ते आहे.

तो ओळखायला अवघड नाही. वय तीस ते पन्नास. पँटच्या गुडघ्यांवर डांबराचे गोल. बोटांच्या टोकांवर फेविक्विकचे टणक पापुद्रे, त्यामुळे बँकेत आधारचं यंत्र त्याचा अंगठा ओळखत नाही. पार्किंगमधून चालताना त्याची नजर माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवर असते. ओळखीच्या माणसाचा चेहरा तो विसरेल, टायरचा आकार विसरणार नाही.

टायर तो पत्रिकेसारखा वाचतो. ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ एवढ्या अक्षरांवर तो पाहुण्याला अर्धा तास उभा करू शकतो. १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के भिंतीची उंची, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचे इंच. ८५ म्हणजे एका चाकाने ५१५ किलो झेलायचे आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मुभा. शेवटी जन्मवेळ: चार आकड्यांत २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गुण जुळले की तो समाधानाने टायरवर थाप मारतो. पाहुण्याचा चहा तोवर निवलेला असतो.

चाकलेखनाची पहिली इयत्ता रंगाची. कंपनीने टायरवर स्वतःचं नाव उठावात दिलेलंच असतं, त्यावर पांढऱ्या पेंटमार्करने गिरवायचं. बालवाडीतल्या पाटीसारखं. याने दोन रविवार खपवून चारही चाकांवर ‘सिएट’ गिरवलं. मग त्याला कळलं की भांडुपचा कारखाना आपला असला, तरी हे नाव १९२४ सालच्या इटलीतल्या तोरिनो शहराचं आहे आणि त्या चार अक्षरांचा मूळ अर्थ ‘तोरिनोच्या विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू’ असा काहीसा होतो. इतके दिवस आपण चाकावर वायरिंगची जाहिरात गिरवत होतो! शेजाऱ्याच्या एमआरएफकडे बघून तो हसायला गेला, तर ती मद्रास रबर फॅक्टरी १९४६ साली फुगे करत होती हे कळलं. सचिनच्या बॅटवर चढलेल्या अक्षरांचं मूळ फुग्यात आहे, हे तो आता प्रत्येकाला सांगतो. कोणी विचारलेलं नसतं.

तोवर अक्षरंही तपकिरी पडली होती. रबराला हवेतल्या ओझोनने भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये मेण आणि काही रसायनं घातलेली असतात. ती आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात, तेच त्यांचं काम. वर लावलेला रंग त्यांच्या वाटेत येतो आणि चहाच्या कपासारखा डागाळतो. याने रंगवाल्याशी भांडण केलं, टायर पेट्रोलने पुसला, पुन्हा रंगवलं. पेट्रोलने रबर खराब होतं, हे पंक्चरवाल्या अण्णाने सांगितलं. अण्णा पुढे म्हणाला, “सेठ, ये टायर है, पाटी नहीं.” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं फक्त हवेपुरतं उरलं.

या छंदाची काशी अमेरिकेत. तिथे साठच्या दशकात दणकट इंजिनांच्या गाड्यांना टायरच्या भिंतीवर तांबडी नाहीतर पांढरी रेघ असे. तांबडा-पांढरा हा आपला शोध आहे असं मानणाऱ्या कोल्हापूरकराला ही बातमी जड गेली. त्या दशकाच्या अखेरीपासून रेसच्या मैदानावरची ठसठशीत पांढरी अक्षरं रस्त्यावरच्या टायरवर उतरू लागली; गुडइयरचा पॉलिग्लास जीटी आणि बीएफगुडरिचचा रेडियल टी/ए हे त्यातले मानकरी. चाकलेखक ही नावं घराण्यांच्या गवयांसारखी घेतो, कानाच्या पाळीला हात लावून. या अक्षरांतली खुबी अशी की तिथे पांढरा रंग लावलेलाच नसतो. भिंतीच्या आत पांढऱ्या रबराची पट्टी घालून वर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा चढवतात. टायर साच्यात भाजून निघाला की अक्षरांवरचा काळा पापुद्रा घासून काढतात आणि आतला पांढरा बाहेर येतो. काळ्याचे डाग पडू नयेत म्हणून त्यावर निळा लेप देतात, तो गिऱ्हाइकाने पाण्याने धुवायचा. हे ऐकल्यावर त्याने आपल्या टायरवर पॉलिशपेपर घासून पाहिला. आत पांढरं नव्हतं. आत काळंच होतं, आणखी थोडं घासलं असतं तर दोरे दिसले असते.

दुसऱ्या इयत्तेत त्याने अक्षरं कापायला घेतली. आणि लिहायचंच तर दुसऱ्याचं नाव का? ‘सरकार’ लिहायचं ठरलं. या गावात तो शब्द अदबीने हाक मारायलाही चालतो.

आधी जुनी ट्यूब कापली. काळ्यावर काळं, रात्री तर त्यालाही दिसेना. शिवाय ट्यूबचं ब्युटाइल रबर असं आडमुठं की साध्या डिंकाला दाद देत नाही. मग त्याची नजर बाथरूमच्या हवाई चपलेवर गेली. वरचा थर पांढरा, खालचा निळा. अमेरिकेच्या निळ्या लेपाशी हे नातं जुळताच त्याला भरून आलं. लहानपणी त्याने याच चपलेची चाकं कापून गाडी केली होती. पूर्वी शेतकरी टायरच्या वहाणा घालत. आता चप्पल टायरवर निघाली होती. बोटभर जाडीचा सोल विळीवर तासून तीन मिलिमीटरचा करण्यात एक रविवार गेला. त्या विळीवर पुढे चिरलेल्या कांद्याला आठवडाभर रबराचा वास येत होता.

कापताना कळलं की टायर गोल आहे. हे त्याला माहीत होतं, पण अक्षरांना माहीत नव्हतं. तीन सेंटिमीटर उंचीचं अक्षर टायरच्या कमानीवर बसवायचं तर ते वर रुंद आणि खाली अरुंद लागतं. पंख्याच्या पात्यासारखं. रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात. आपली शिरोरेषेला लोंबकळतात. बाहेरच्या वर्तुळावर शिरोरेषा ऐसपैस ताणलेली आणि आत अक्षरांच्या पायांची दाटी. ‘क’ची शेपटी ‘र’च्या टाचेत.

शिरोरेषेने तर त्याचा जीव खाल्ला. चार अक्षरांवर ओढलेली सलग पट्टी जमिनीजवळ आली की टायरची भिंत फुगते, पट्टी ताणली जाते आणि फेविक्विक काचेसारखं तडकतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगत, हे त्याने आजोबांच्या दप्तरात पाहिलं होतं. म्हणून त्याने आधी टायरभर सलग पांढरं कडं चिकटवलं, सावकाश मागे सरकून पाहिलं आणि लक्षात आलं की आपण पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन मोटारींचा पांढऱ्या पट्ट्याचा टायर नव्याने शोधला आहे. शेवटी प्रत्येक अक्षराला स्वतंत्र शिरोरेषा देऊन मधे फट ठेवली. लांबून ते चार भाडेकरूंच्या पत्र्यांसारखं दिसे.

तिसरी इयत्ता साच्याची. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वडीत अक्षरं कोरायची, त्यात काचवाल्याकडचं पांढरं सिलिकॉन भरायचं. भरायला नळी जाड पडली, म्हणून चकलीचा सोऱ्या घेतला. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि होताना व्हिनेगरचा दर्प सोडतं. आईने बरण्या उघडून कोणतं लोणचं बिघडलं ते तपासलं. बायकोने सोऱ्या तपासला.

“हा तुमच्याकडंच राहू दे आता,” ती म्हणाली. “दिवाळीला चकल्याही तुम्हीच घाला.”

दुसऱ्या दिवशी साच्यातून अक्षरं निघाली ती उलटी. साच्यात उलटं कोरलं तर सुलटं निघतं, हे उद्यमनगरात ओतकाम करणाऱ्या पोराला शेंबूड पुसायच्या वयात समजतं. “ॲम्ब्युलन्सवर नसतं का उलटं? आरशात सुलटं दिसतं,” असं याने सांगून पाहिलं. टायर आरशात कोण बघतं, असं मेहुण्याने विचारलं. मेहुण्याशीही आता बोलणं हवेपुरतंच आहे.

तो परत चपलेवर आला. या वेळी पद्धतशीर. टायर साबणाने धुतला, पॉलिशपेपरने खरवडला, थिनरचा बोळा फिरवला आणि चांभाराकडून सोलचं सोल्युशन आणलं. तेही दोन्हीकडे लावून, सुकू देऊन मग दाबायचं. चांभाराने तीनदा बजावलं होतं. प्रत्येक चाकावर समोरासमोर दोनदा ‘सरकार’. दोन दिवसांनी गाडी रंकाळ्यावर निघाली.

आणि कोणालाच काही वाचता आलं नाही.

या चाकाचा घेर जेमतेम १९५ सेंटिमीटर. ताशी ६० च्या वेगाला ते सेकंदाला साडेआठ फेरे घेतं, म्हणजे सतरा वेळा ‘सरकार’ डोळ्यांसमोरून जातं. बघणाऱ्याला दिसतं एक मळकट कडं. अक्षरावरची ओढ मात्र खरी असते: त्या वेगाला ते आपल्या वजनाच्या सत्तरेक पट जोराने बाहेर खेचलं जातं. पाच ग्रॅमचा काना पाव किलोहून जड होतो. ताशी १०० ला तोच किलोभर. काना किलोभर झाल्यावर तो जागेवर का राहावा?

म्हणजे वाचायचं तर गाडी उभी हवी. ती उभी राहिली की अक्षरं आडवी असतात. मग हा उतरतो, बघतो, पुन्हा बसतो आणि गाडी पुढे-मागे करतो. दोन लेख समोरासमोर असल्यामुळे जास्तीत जास्त दीडेक फूट सरकली की एक सुलटा येतो. पण तो एकाच चाकावर. वळणावर बाहेरची चाकं आतल्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यासाठीच गाडीत डिफरन्शियल असतो. त्यामुळे घरातून एका तोंडाने निघालेली चार ‘सरकारं’ रंकाळ्यापर्यंत चार दिशांना तोंडं करून बसतात. एक उभं, एक आडवं, एक खाली डोकं वर पाय. “आघाडी दिसतीया,” असं भेळवाला म्हणाला. पलीकडचा म्हणाला, “युतीतबी असंच असतंय.”

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. जूनच्या एका रविवारी हा घरच्यांना घेऊन निघाला. घाटात पावसाची जोराची सर आली. वर पोहोचून छत्री उघडून तो आधी डाव्या पुढच्या चाकापाशी गेला. सर आली होती आणि सर घेऊन गेली होती. ‘सरकार’मधली पहिली दोन अक्षरं घाटात कुठेतरी राहिली होती. कारच्या चाकावर स्वच्छ, सुवाच्य ‘कार’ उरलं होतं.

छोट्या मुलाला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. “बाबा, बरोबर लिहिलंय,” तो म्हणाला.

आता गाडी झाडाखाली सावलीत असते. उन्हाने सोल्युशन सुटतं, पावसाने कडा उचलतात, खड्ड्याने भिंत दबते आणि चालवली तर सगळंच एकदम होतं. म्हणून हा कामावर केएमटीच्या बसने जातो. खिडकीशी बसून शेजारच्या गाड्यांच्या चाकांकडे बघतो. रविवारी गोणपाट अंथरून पुढच्या डाव्या चाकापाशी बसतो. येणारा-जाणारा विचारतो, “काय भावा, सरकार पडलं?”

“पडलं न्हाई,” तो ब्लेड पुसत म्हणतो. “विस्तार चाललाय.”

तेवढ्यात आई दारात येते. तिच्या एका पायात हवाई चप्पल असते. दुसरा पाय अनवाणी असतो आणि ती काही न बोलता याच्या मांडीवरच्या पांढऱ्या ‘स’कडे बघत उभी राहते.