सिंकखालची बादली

'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम चित्रपट जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यातली मुख्य पात्रे तीन : सून, शेगडी आणि गळके सिंक. नवरा आणि सासरेही आहेत, पण ते बहुतेक वेळ जेवत असतात. रॉकेलचा डबा नाही, खाष्ट सासू नाही. सासू तर बिचारी स्वतःच राबते. सासरे शांत, मृदुभाषी. त्यांना फक्त कुकरचा भात चालत नाही, चुलीवरचा लागतो. मशीनमध्ये कपडे विरतात, म्हणून ते हातानेच धुवायचे. दात घासायचा ब्रशही हातात आणून द्यावा लागतो. नवरा शाळेत मुलींना कुटुंबसंस्था शिकवतो.

मराठी मध्यमवर्गात हा चित्रपट सहकुटुंब पाहिला जातो. पाहून झाल्यावर पुरुषवर्गाची पहिली प्रतिक्रिया भौगोलिक असते : 'केरळात अजून असं आहे?' मग ती ऐतिहासिक होते आणि कोणाच्या तरी आजीवर येऊन थांबते. 'पण दुसरी बाजू दाखवायला हवी होती,' असे कोणी म्हणेपर्यंत चहा आलेला असतो. तो कोणी केला, हा मुद्दा चर्चेला येत नाही.

खरा रस सिंकमध्ये असतो. सिंक गळते आहे, प्लंबरला बोलवा, असे सून नवऱ्याला सांगते. तो विसरतो. ती पुन्हा सांगते, तो पुन्हा विसरतो. सांडपाणी झेलायला खाली बादली येते आणि ती उपसणे हे सुनेचे आणखी एक काम होते. या ठिकाणी प्रत्येक घरातला एक जाणकार सोफ्यावरूनच निदान करतो : 'बॉटल ट्रॅपचा वॉशर गेलाय.' निदान बहुधा बरोबर असते. कपलिंग कसे घट्ट करावे, पांढरी टेप किती वेढे गुंडाळावी, एम-सील लावणे हा कसा अडाणीपणा आहे, यावर तो दहा मिनिटे बोलतो आणि सगळे माना डोलावतात. त्याच्या स्वतःच्या ओट्याखाली गणपतीपासून एक जुने पातेले ठेवलेले असते. 'रविवारी बघतो,' हे त्याने दिवाळीत सांगितलेले असते. त्यानंतर रविवार बरेच येऊन गेले. हा विसराळूपणा आजार मानावा, तर याच गृहस्थाला गाडीचे सर्व्हिसिंग किलोमीटरसकट आठवते, हप्त्याची तारीख आठवते, १९८३ च्या अंतिम सामन्यातल्या विकेटही क्रमाने आठवतात. तो विसरत नाही. पातेले उपसणारे माणूस घरात आहे, हे त्याच्या पक्के लक्षात असते.

२०१९ च्या देशव्यापी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला, पुरुषांचा ९७. हे ९७ देखील केवळ घरकामाला हात लावणाऱ्यांचे, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. उरलेले चौऱ्याहत्तर बहुधा दुसरी बाजू शोधत असावेत.

चित्रपटाच्या शेवटी सून ते सांडपाणी नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या अंगावर फेकते आणि घर सोडते. यावर सर्वत्र एकमत असते : 'हे जरा अति झालं.' त्याच पाण्यात ती रोज हात घालत होती, तेव्हा अति झाले नव्हते. ती बोलत होती, स्वच्छ शब्दांत, पुन्हा पुन्हा बोलत होती, तेव्हा कोणाला ऐकू गेले नव्हते. पाणी एकदाच, योग्य पत्त्यावर गेले आणि लगेच संस्कृतीची काळजी सुरू झाली! पुढे नवरा दुसरे लग्न करतो आणि त्याचा उष्टा कप नवी बायको धुते. हा शेवट कोणालाही अति वाटत नाही.

वॉशर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. प्लास्टिकचा बॉटल ट्रॅप हातानेच फिरवून उघडतो, पानाही लागत नाही. आधी खाली पातेले ठेवावे आणि या वेळी ते स्वतः उपसावे.