ओलं आहे!

महामार्ग सोडून चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या अंगाला वळलं, की नसरापूर लागतं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीतली माणसं अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतात. गावात बनेश्वर आहे, बाजारपेठ आहे आणि प्रत्येक आळीत एक नेलपेंटवाली वहिनी आहे. रेशनकार्डावर तिचं नाव काहीही असो, आळीतली पोरं तिला याच नावानं ओळखतात.

वहिनीचं पार्लर नाही. कोर्स तिनं केलेला नाही आणि पैसे ती घेत नाही. तिचं सगळं दुकान श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मावतं. तुळशीबागेतल्या स्वस्तातल्या बाटल्या, माहेरच्या लग्नाला घेतलेली आणि जपून वापरायची एक लॅक्मेची, टूथपिक, संपलेली रिफिल, बोथट झालेली केसांची पिन, सेलोटेप आणि सगळ्यात बारीक टिकल्यांचं पाकीट. ठिपका द्यायचा तर पिनेचं गोल टोक, रेघ ओढायची तर टूथपिक, सरळ कड हवी तर सेलोटेप. नखाभोवतीच्या कातडीला आधी फेविकॉलचा हात द्यायचा, म्हणजे बाहेर गेलेला रंग मागाहून सालीसारखा सोलून निघतो. ही युक्ती तिनं मोबाइलवर पाहिली, पण आळीत ती तिच्याच नावावर जमा आहे.

तिचं कालनिर्णय नखांवर चालतं. संक्रांतीला काळ्यावर पतंग. महाशिवरात्रीला बेलपान, कारण बेलाची तीन पानं म्हणजे पिनेचे तीन फराटे, काम सोपं. वटपौर्णिमेला वड, आणि त्याला गुंडाळलेला दोरा म्हणून खराच पांढरा दोरा चिकटवलेला. पंधरा ऑगस्टला तिरंगा. अशोकचक्राला चोवीस आरे असतात हे तिला पाठ आहे. करंगळीवर आठ बसतात. उरलेले बघणाऱ्यानं श्रद्धेनं बघायचे.

नवरात्र हा तिचा खरा हंगाम. महाराष्ट्र टाइम्सनं विसेक वर्षांपूर्वी नवरात्राचे नऊ रंग घराघरांत पोचवले, तेव्हा छापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साड्या असाव्यात. बोटं दहा, माळा नऊ आणि वर दसरा, हा हिशेब कुणी केला असेल तर वहिनीनं. नऊ नखांना नऊ रंग, दहाव्यावर सोनेरी आपट्याचं पान. राखाडीची बाटली नसरापुरातच काय, तुळशीबागेतही पटकन मिळत नाही. तेव्हा पांढऱ्यात काळ्याचे दोन थेंब टाकून ती राखाडी घरीच पाडते. साडी नसली तरी त्या दिवशी नख आहे, म्हणून तिचं अडत नाही.

दिवाळीत पोरं अंगणात मातीचा राजगड करतात, ही अंगठ्यावर करते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या व्यवस्थित बसतात. बालेकिल्ल्याला जागा उरत नाही. महाराजांची क्षमा मागून बालेकिल्ला तर्जनीवर घेतला जातो, आणि दोन्ही बोटं जुळवली तरच गड पुरा होतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मोठी कलावंत आहे. आहेच. पण वहिनी उजव्या हातानं रंगवते, त्यामुळे कला सगळी डाव्या हातावर उतरते. उजव्या हाताची पाळी आली की डावा हात जे काही करतो त्याला शिमगा म्हणतात. म्हणून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला वर्षानुवर्षं एकच डावा हात झळकतो. बनेश्वराला गेली तरी तेच. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलं, तिथली मोठी घंटा पोर्तुगीजांची, तिच्यावर क्रूस आणि 1683 हा आकडा कोरलेला. असा इतिहास मागे ठेवून वहिनी डावा हात पुढे धरते आणि फोटो काढायला सांगते. फोटोत 1683 पुसट येतं, बेलपान ठळक.

पंचाईत होते ती तीर्थ घेताना. शुभ म्हणून जे काही आहे ते आपल्याकडे उजव्या हातात पडतं. तीर्थ, प्रसाद, हळदीकुंकू, वाण, सगळं. डावा पुढे केला तर पुजारी बघतात. तेव्हा शिमग्याचा हात देवापुढे आणि दिवाळीचा हात पदराआड, अशी तिची पूजा चालते.

नवऱ्याला कामाला लावून झालं. तो शिरवळला कंपनीत आहे. बोट धरून त्यानं एकदा असा काही सपाट, एकसारखा पिवळा रंग दिला, की नख माल तपासून पुढे सोडल्यासारखं दिसायला लागलं. डिझाइन म्हटल्यावर त्यानं विचारलं, "ड्रॉइंग कुठंय?"

सासऱ्यांना हा सगळाच पोरकटपणा वाटतो. मात्र बैलपोळ्याला ते स्वतः ऑइलपेंटचा डबा घेऊन गोठ्यात बसतात, शिंगं घासतात, रंगवतात, वर बेगड लावतात आणि बैल जरा हलला तर त्याच्या आईचा उद्धार करतात. धाकटी नात शाळेत शिकून आली, की शिंगाचं वरचं आवरण आणि माणसाचं नख एकाच पदार्थाचं असतं, केराटिनचं. तिनं ते भर जेवणात सांगितलं. सासरे भात कालवत म्हणाले, "बैल वर्षातनं एकदाच रंगवून घेतो."

यावर उत्तर नाही. पण वहिनीची खरी कसोटी गौरींना लागते. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या आदल्या रात्री दोघींचे हात खोक्यातून निघतात. गेल्या वर्षीचा रंग कुठेकुठे उडालेला. वीस नखं लाल करायची, आणि गौरीची बोटं एकमेकींना चिकटलेली, त्यामुळे ब्रश शिरत नाही, तिथे टूथपिकच. गौरीचा मात्र एक मोठा गुण आहे. ती हलत नाही आणि तिचा उजवा हातही डाव्याइतकाच सुंदर रंगतो. वहिनी त्या हाताकडे बघते तेव्हा तिच्या भक्तीत थोडा मत्सर मिसळलेला असतो, असा मला दाट संशय आहे.

आजेसासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तेरड्याचा रंग तीन दिवस. नेलपेंटचा तेवढाही नाही. पाडव्याला चितारलेली गुढी कणीक मळताना खचते, भाकरी थापताना तिचा तांब्या पडतो. आषाढात भाताची लावणी निघाली, की चिखल काय ते उरलेलं नेतो. बोटाचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, म्हणजे गणपतीतला उंदीर दिवाळीपर्यंत जगला तर नखाच्या मध्यावर पोचेल. पण एकही उंदीर पितृपक्ष ओलांडत नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? इथे माझं स्वतःचं एक मत आहे. सणाच्या दिवशी या बाईला बसायला मिळत नाही. पाय दुखतात म्हटलं तर "आज सणाचं काय दुखणं काढलंस", डोकं धरलं म्हटलं तर बाम मिळतो आणि वर पुऱ्या लाटायला मिळतात. पण दोन्ही हातांची दहा बोटं पसरून "ओलं आहे" म्हटलं, की सगळं घर गप्प. चहा नवरा टाकतो. पोरगी पाण्याची मोटर बंद करते. दारातल्या पाहुण्याला सासरे स्वतः उठून पाणी देतात. त्या उग्र वासाचं द्रावक उडून जाईपर्यंत वीस मिनिटं वहिनी पलंगावर पाय सोडून टीव्ही बघते. दुसरा हात द्यायचा ठरवला तर चाळीस. वाळलंय की नाही हे बाहेरून कुणाला कळत नाही, आणि हात लावून बघायची हिंमत कुणात नाही.

सासूबाई हे दोन-तीन सण नुसतं बघत होत्या. जन्मात कधी नखाला मेंदीपलीकडे काही लावलं नव्हतं. परवा दसऱ्याच्या सकाळी, कढईत तेल तापत असताना, त्या पदराला हात पुसत सुनेपाशी येऊन बसल्या. दोन्ही पंजे पुढे केले.

वहिनीनं हौसेनं विचारलं, "आत्या, आपट्याचं पान काढू का झेंडूचं फूल?"

"फुलाबिलाचं राहू दे गं," सासूबाई कढईकडे बघत म्हणाल्या. "जरा जाड लाव. लवकर वाळू नये असा."