गळ्यातला की खिशातला?

प्रवासासाठी एक चांगला कॅमेरा घ्यायचा, एवढं आमच्या घरात एकमताने ठरलं आणि तिथेच एकमत संपलं. एका बाजूला मिररलेस. रीतसर कॅमेऱ्यासारखा दिसणारा कॅमेरा; पट्टा गळ्यात अडकवायचा, लेन्स काढायची, दुसरी घालायची, एक डोळा मिटून जगाकडे बघायचं. दुसऱ्या बाजूला खिशात मावणारा गिंबल कॅमेरा. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हे त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. हातात धरायला दांडा, दांड्यावर दोन इंची पडदा आणि वर एक इवलंसं डोकं, जे आपण कसेही हललो तरी ताठ राहतं. किंमत दोन्हींची अशी, की ऐकून सासरेबुवा दोन्ही वेळा सारखेच गप्प झाले.

मामा गप्प बसले नाहीत. "फोन आहे ना खिशात?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न आम्ही ऐकलाच नाही असं दाखवलं. कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या माणसाला एवढं तरी जमायला हवं.

पहिला मुद्दा वजनाचा. पॉकेट ३ भरतो १७९ ग्रॅम. मिररलेसमधला हलका म्हणावा असा कॅननचा आर५० बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम. एवढ्या फरकासाठी कशाला भांडायचं, असं कागदावर वाटतं. पण मिररलेस कधी एकटा येत नाही. त्याच्यामागून किट लेन्स येते, मग तिच्यापेक्षा चांगली लेन्स, जादा बॅटरी, धूळ उडवायचा फुगा, पुसायचं फडकं, कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, आणि हे सगळं मावेल अशी बॅग. ही बॅग एसटीत वरच्या रॅकवर ठेवता येत नाही. तिला कुणाची तरी मांडी लागते, आणि ती मांडी सहसा फोटो काढणाऱ्याची नसते.

तशी खरी ओझी ग्रॅममध्ये मोजता येत नाहीत. मिररलेसवाल्याबरोबर चालणारे लोक सतत थांबलेले असतात. तो बुरुजाच्या कोनाशी वाकलेला, आणि बाकीचे पुढच्या वळणावर उन्हात उभे. "झालं का?" "हो, एकच मिनिट, ढग सरकू दे." तो ढगही घरच्यांची परीक्षा पाहायला आल्यासारखा जागचा हलत नाही. खिशातला कॅमेरा मात्र सगळ्यांबरोबर चालत राहतो. कुणाला थांबवत नाही, पुढे जाऊन वळत नाही, "परत एकदा तिथून चालत या" असंही फारसं सांगत नाही.

हा जो न थरथरता चालण्याचा चमत्कार आहे, त्याची मूळ कल्पना जुनी आहे. गलबत कितीही डुललं तरी होकायंत्र आडवंच राहावं म्हणून ते एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगत. सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्दानो या इटालियन गणितज्ञाचं नाव त्या टांगणीला चिकटलं. युक्ती त्याच्याही कितीतरी आधीची. आता कड्यांच्या जागी तीन चिमुकल्या मोटरी आल्या. हात डावीकडे कलला की त्या तेवढंच उजवीकडे कलतात. सिनेमावाल्यांना हे सुख मिळालं ते १९७० च्या दशकात, गॅरेट ब्राउन या अमेरिकी कॅमेरामनच्या स्टेडीकॅममुळे. नमुना म्हणून त्याने आपल्या मैत्रिणीला फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून पळवलं आणि मागून स्वतः कॅमेरा घेऊन धावला. ते चित्रण पाहून जॉन अ‍ॅव्हिल्डसन या दिग्दर्शकाने १९७६ च्या 'रॉकी'त नायकाला त्याच पायऱ्या चढायला लावल्या. बहात्तर पायऱ्या. वर पोचल्यावर गडी दोन्ही हात उंचावून नाचतो.

रायगडाला हजारावर पायऱ्या आहेत, आणि वर पोचल्यावर आमच्यातलं कुणी नाचेल अशी परिस्थिती नसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे खिशातल्या कॅमेऱ्याची एक गोम उघडी पडते. त्याच्या तीन मोटरी कलणं आणि वळणं सावरतात. पावलागणिक होणारं वरखाली त्यांच्या हाती नसतं. स्टेडीकॅमच्या हाताला त्यासाठी स्प्रिंगा असतात. खिशातल्या कॅमेऱ्याची स्प्रिंग म्हणजे आपले गुडघे. ते अर्धे वाकवून, मांजरपावलांनी, टाच आधी टेकवून चालायचं अशी त्या विद्येची दीक्षा आहे. चाळिशीनंतरच्या माणसाने रायगडाच्या पायऱ्यांवर हे करून पाहावं. चित्रण गुळगुळीत येतं. रात्री तेलाची बाटली कुणी शोधायची, हा प्रश्न उरतो. हरिहरला तर हा वादच मिटतो. त्या कातळकोरीव जिन्यावर दोन्ही हात खोबण्यांत घालावे लागतात, आणि कुठल्याही कंपनीचा कुठलाही कॅमेरा निमूटपणे सॅकमध्ये जातो. वादाच्या दृष्टीने हा गड मला फार आवडतो.

मिररलेसवाले यावर सेन्सरचं अस्त्र काढतात. खिशातल्याचा सेन्सर 'एक इंची' म्हणवतो, पण पट्टी लावून मोजलात तर निघतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. हा इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलाय. बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्ची धरलेली असते, तसंच हे. आर५०चा सेन्सर २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. सेन्सर मोठा तितका अंधारात उजेड जास्त गोळा होणार, हे कुणालाही पटेल.

आता हे दोघे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात न्या. आत मंद दिवे. फ्लॅशला बंदी, आणि ती योग्यच. त्या रंगांनी इतकी शतकं काढलीत ती काही आपल्या फ्लॅशसाठी नव्हेत. समोर पद्मपाणी. मिररलेसला दुकानातून सोबत आलेली किट लेन्स, जिचं तोंड जास्तीत जास्त उघडतं एफ ४.५ पर्यंत. खिशातल्याची लेन्स एफ २. हे आकडे उलटे चालतात. आकडा लहान तेवढं तोंड मोठं. हिशेब केला तर किट लेन्समधून सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर पडणारा उजेड पाचपट कमी. म्हणजे तिप्पट अंगण बांधलं आणि दार केलं एवढंसं. त्या अंधारात हा इवलासा दांडा मोठ्या कॅमेऱ्याला सहज गाठतो. दुकानदार ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही. त्याला बॉडी विकून झाल्यावर लेन्सही विकायची असते.

चांगली लेन्स घेतली की पारडं पुन्हा फिरतं, हे खरं. एफ १.८ची ५० मिलिमीटरची लेन्स स्वस्त आणि गुणी. पण आर५०वर ती ८० मिलिमीटरसारखी वागते. समोरचं चित्र इतकं जवळ ओढते, की पद्मपाणीचा चेहरा आणि कमळ चौकटीत राहतं आणि भोवतालचा सगळा परिवार बाहेर. मागे सरकावं तर मागे सहलीची शाळा उभी. मग मास्तर म्हणतात, "काका, जरा लवकर, मुलांना पुढची लेणी बघायचीत." थांबणारे इथेही बाकीचेच.

तिकीटखिडकीवरचा घोळ वेगळा. पुरातत्त्व खात्याच्या अनेक स्मारकांवर फोटो फुकट आणि व्हिडिओला पंचवीस रुपये, अशी पाटी असते. त्या नियमाच्या वेळी फोटोचा कॅमेरा आणि व्हिडिओचा कॅमेरा ही दोन वेगळी कुळं होती. आता सगळेच दोन्ही करतात. गळ्यातलं धूड बघून कुणीही अदबीने विचारतं; मान वळवणारा दांडा बघून मात्र "हे काय आहे?" याचं उत्तर द्यावं लागतं.

पण खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा कुठल्याच पाटीवर नसतो, तो वेळेचा. फोटोला वेळ आधी द्यावा लागतो, जागेवर, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. व्हिडिओ तो नंतर वसूल करतो. पॉकेट ३ वर वरच्या दर्जाचं चित्रण मिनिटाला जवळजवळ एक जीबी खातं. घरी आल्यावर ते कॉम्प्युटरवर ओता, बघा, कापा, जोडा. कुणी बघत नाही, आणि कापत तर नाहीच. आमच्या नात्यातल्या एका लग्नाची व्हीएचएस कॅसेट अजून कुणीतरी पूर्ण पाहायची आहे; त्या जोडप्याची मुलं आता लग्नाला आलीत.

तरीही व्हिडिओच्या बाजूने मी एक मत टाकीन, आणि ते आवाजासाठी. फोटोत आत्या घाटात उभी दिसते. व्हिडिओत ती विचारते, "इथे चहा बरा मिळेल का रे, की पुढे घेऊ?" आणि मागून काका म्हणतात, "पुढे." तिने इथेच घेतलेला असतो, हे तिसऱ्या सेकंदाला कळतं. फोटो काढणारा, शिवाय, कुठल्याच फोटोत नसतो. आमच्या काश्मीरच्या अल्बमवरून तिथे मी गेलो होतो हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. खिशातला कॅमेरा आपल्याकडे वळतो, चेहरा ओळखतो आणि सोडत नाही. त्याची २० मिलिमीटरची रुंद नजर हातभर अंतरावरून नाक जरा उदारपणे दाखवते, पण नाक तर नाक, हजेरी लागते. बायकोचं मत याच मुद्द्यावर पडलं. "ज्यात तू आमच्याबरोबर चालताना दिसशील, तो घे," ती म्हणाली, आणि खिशातला घ्यायचा ठरला.

राहता राहिलं भिगवण. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि खिशातल्या कॅमेऱ्यात ते गुलाबी ठिपक्यांपलीकडे जात नाहीत. त्याला लांबचं जवळ आणणारी लेन्सच बसवता येत नाही. शिवाय तिथे सगळेच होडीत गप्प बसलेले असतात. तुमच्यासाठी कुणी थांबत नाही, सगळे पक्ष्यांसाठी थांबलेले असतात. मिररलेससाठी याहून निर्धोक जागा नाही. तेवढ्या एका सकाळपुरता तो भाड्याने आणावा, असं ठरवून आम्ही दोघं दुकानात गेलो. ओळखपत्राची प्रत दिली, डिपॉझिट भरलं. दुकानातल्या मुलाने बॉडी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "लेन्स कुठली देऊ? शंभर-चारशे, की दोनशे-सहाशे?"

मी दोन्ही हातात घेऊन पाहू लागलो.

"मी समोर चहा घेते," बायको म्हणाली. "झालं की ये."