सासूबाईंच्या कॉटखाली

"ताई, तुमची ज्वारी खराब झालीये."

पुण्याहून परतताना गाडीत समोर बसलेल्या बाईंनी हे जवळजवळ सांत्वनाच्या सुरात सांगितलं. माझ्या मांडीवर पांढऱ्या बुरशीने गच्च माखलेल्या ज्वारीची पिशवी होती आणि ती मी तान्ह्या बाळासारखी धरून बसले होते. "ही मुद्दाम खराब केलेली आहे, मी पैसे देऊन आणलीये," असं मी त्यांना समजावलं. त्यांनी आपली पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि कर्जतपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ते अळंबीचं बियाणं होतं. त्याला स्पॉन म्हणतात. ज्वारी किंवा गहू उकडून त्यावर बुरशी वाढवायची, की झालं. एका दिवसाच्या प्रशिक्षणात आमच्या सरांनी हे आणि पुढचं सगळं सांगताना "अगदी सोपं आहे" हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की मी वहीत ते लिहिणंही सोडून दिलं. या वस्तूची भानगड नावापासूनच आहे म्हणा. पुस्तकात ती अळिंबी, कोकणात अळंबी, रानात उगवली की कुत्र्याची छत्री आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर मशरूम. नाव बदललं की भाव बदलतो.

बाजारात मिळते ती पांढरी बटन अळंबी घरी करायचा विचार मी आधीच सोडला होता. तिला कुजवून मुरवलेलं कंपोस्ट लागतं आणि उगवायच्या वेळी १६ ते १८ अंश तापमान. डोंबिवलीत एवढा गारवा फक्त बँकेत असतो. उरली धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची, बिचारी गरीब स्वभावाची. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा, मिळेल त्यावर येते आणि २५ अंशांच्या आसपास खूष असते. नवऱ्याने रात्री जागून तिचा इतिहासही वाचून काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत ती झाडांच्या ओंडक्यांवर वाढवली गेली आणि १९६२ साली म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत भाताच्या पेंढ्यावर. हे त्याने जेवताना सासूबाईंना ऐकवलं. त्या कुडाळच्या. "पेंढ्यावर काय काय येता, ता आमका म्हैसूरवाल्यांनी सांगूक होया?" एवढं बोलून त्यांनी ताटात आमटी वाढून घेतली.

डोंबिवलीत पेंढा कुठे मिळणार? पण मे महिन्यात गावाहून हापूसच्या पेट्या आल्या होत्या आणि त्यातला पेंढा मी हुशारीने गॅलरीत जपून ठेवला होता. कृती वहीत होतीच. पेंढ्याचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करायचे, रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि मग ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे इतर बुरश्या मरतात. गरम पाण्याऐवजी फॉर्मलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवायचीही पद्धत आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यात बेडूक ठेवलेला बघितलाय, त्यातून स्वयंपाकघराची वाट काढायला माझं मन घेईना. ८० अंश मोजायचे कसे, हा प्रश्न होता. घरातला तापाचा थर्मामीटर ४२ला हात टेकतो. शेवटी अंदाजाने केलं, पिशव्या भरल्या आणि कपाटावर ठेवल्या.

सहाव्या दिवशी पिशव्या हिरव्या झाल्या.

"उगवलं का?" नवऱ्याने उत्साहाने विचारलं. उगवलं होतं, पण दुसरंच. ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी. शेतकरी हिला विकत आणून पिकाच्या मुळाशी घालतात, कारण ती रोगाच्या बुरश्यांना खाते. माझ्याकडे ती फुकट आली आणि तिने माझीच बुरशी खाल्ली.

इतके दिवस सासूबाई तटस्थ होत्या. आता त्यांनी एक पिशवी उचलली, लांबूनच वास घेतला आणि निकाल दिला. "आंब्याचो रस लागलेलो पेंढो गो हो. वर पावसाची झड खाल्लेलो. ह्येच्यावर तुझी अळंबी नाय, सगळी वाडी जेवतली."

दुसऱ्या खेपेला सूत्रं त्यांच्याकडे गेली, म्हणजे मी दिली नाहीत, ती गेली. नवऱ्याला कल्याणपलीकडच्या एका शेतकऱ्याकडे पाठवलं आणि यंदाचाच, कोरडा, सोनेरी पेंढा आणवला. गणपतीच्या प्रसादाचं मोठं पातेलं माळ्यावरून उतरवायला त्यांनी कुरकुर करत का होईना, परवानगी दिली. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की आच मंद करायची, उकळी फुटू द्यायची नाही, हा त्यांचा थर्मामीटर. तासाभरात आख्ख्या मजल्यावर गोठ्याचा वास पसरला. समोरच्या काकू दार उघडून "म्हैस घेतलीत का?" असं विचारून गेल्या.

ओलावा बघायची वहीतली खूण अशी, की निथळलेला पेंढा मुठीत घट्ट दाबला तर पाणी टपकू नये, पण तळवा ओला व्हावा. मी दाबला, तर धार लागली. नवऱ्याने तो पंख्याखाली पसरला आणि दाबला, तर खडखडीत. सासूबाईंनी एका हाताने दाबला, तळवा आम्हाला दाखवला आणि म्हणाल्या, "भरा." ज्वारी बघून त्यांना पहिल्यांदा हसू आलं. "ह्या विरजाण म्हणा की!" मी इतके दिवस स्पॉन, मायसेलियम असं काय काय घोकत होते. नवरा मात्र ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या २ टक्के विरजण काट्यावर तोलत बसला होता. एक थर पेंढा, कडेकडेने ज्वारी, पुन्हा थर, दाबून भरायचं, तोंड बांधायचं आणि पिशवीला सुईने वीस-पंचवीस भोकं पाडायची.

मग अठरा दिवस अंधार. दोन खोल्यांच्या घरात हक्काचा अंधार फक्त सासूबाईंच्या कॉटखाली होता. चार पिशव्या तिथे गेल्या आणि त्यावर चादर सोडून सासूबाई बसल्या, त्या जवळजवळ उठल्याच नाहीत. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीची आठवण मला झाली, ती मी कोणालाही सांगितली नाही. मी वाकून बघायला गेले की दरडावत, "बाळंतिणीच्या खोलीत असा टॉर्च मारून कोण बघता?" नवऱ्याला तर मोजे घालून खोलीत यायला बंदी झाली.

अठराव्या दिवशी चादर वर झाली. पिशव्या आतून दाट कवडी दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. ब्लेडने प्लास्टिक कापलं तरी ढेप सुटली नाही, इतकी ती बुरशीने शिवून टाकली होती. आता उजेड, हवा आणि ओलावा हवा, म्हणून त्या ढेपा बाथरूममध्ये कपड्यांच्या दांडीला टांगल्या आणि इस्त्रीच्या फवाऱ्याने दिवसातून तीनदा पाणी मारायला सुरुवात केली. रात्री झोपेत उठून दिवा लावणाऱ्याला समोर चार पांढरी गाठोडी लोंबताना दिसत. पाहुणे म्हणून राहिलेल्या माझ्या भावाने पहिल्या रात्रीनंतर परतीचं तिकीट काढलं.

चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आले. मी गार वारा लागू नये म्हणून प्रेमाने खिडकी बंद केली. दोन दिवसांत लांबच लांब देठ आणि वर टिकलीएवढी टोपी, अशी मंडळी माना उंचावून उभी. अळंबी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तो कोंडला की हवेच्या शोधात देठच वाढवत बसते. खिडकी उघडल्यावर मागून आलेल्या घडांना मात्र छान तळहाताएवढे पंखे फुटले.

ते तयार झाले नेमके आषाढी एकादशीला. अळंबी कोणासाठी थांबत नाही. कडा वळायच्या आत काढली नाही तर तिच्यातून बारीक बीजाणूंची पूड पडते आणि घरभर खोकला. सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी ढवळता ढवळता घड कसे पिरगाळून काढायचे ते सांगितलं आणि कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये टाकायला लावलं. समोरच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "पण ही शाकाहारी की…?" मनुस्मृतीने कवकाला कांदा-लसणाच्या पंगतीला बसवून बंदी घातली आहे. काकूंकडे रोज कांदेपोहे होतात, म्हणून मी तो विषय काढला नाही. नवऱ्याने मात्र काढला. बुरशी म्हणे वनस्पतींपेक्षा प्राण्यांची जवळची नातेवाईक आणि कोळंबीच्या सालात असतं तेच कायटिन हिच्या अंगात. काकू गेल्या. सासूबाईंचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात, कोळंबीच्या इतमामाने, सगळी अळंबी शिजली.

पहिला घास खाऊन त्या बराच वेळ गप्प होत्या. "बरी आसा," म्हणाल्या. "पण ही वारुळावरची न्हय."

ती असणारच नाही. पावसाळ्यात कोकणात वारुळावर येते ती अळंबी वाळवी स्वतःच्या घरात लावते, पालापाचोळा चावून त्यावर तिचं पीक घेते. कोट्यवधी वर्षं हा घरगुती उद्योग चालू आहे आणि वाळवीशिवाय ती लावणं अजून माणसाला जमलेलं नाही. वाळवीला प्रशिक्षणाला पुण्याला जावं लागत नाही, हा तिचा फायदा.

एका किलो सुक्या पेंढ्यामागे तीन तोड्यांत मिळून पाऊण किलोच्या आसपास अळंबी निघाली. नवऱ्याने गॅस, पातेल्याची कल्हई, फुकट गेलेली पहिली खेप आणि माझं पुण्याचं भाडं धरून हिशेब केला, तेव्हा ती काजूच्या भावाने पडली. उरलेल्या ढेपा चुरून तुळशीत घातल्या.

गणपतीला सासूबाई कुडाळला गेल्या, त्या मखराच्या सामानात दोन पिशव्या 'विरजाण' घेऊन. आठवड्याने फोन आला. पेंढा मस्त मिळाला, पिशव्या भरल्या, पण घर माणसांनी भरलेलं आणि अंधाराची जागा नाही. म्हणून जाऊबाईंच्या कॉटखाली सरकवल्या.

"काकींना विचारलंत ना?" मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू आला.

"तिका कित्याक सांगूक होया?" सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "अठरा दिवसांचो तर प्रश्न."