सोवळ्याबाहेरची कढई

एकाच कढईत अख्खं जेवण शिजवायची हौस हल्ली जगभर पसरली आहे. मांस, भाज्या, कंद, मसाला सगळं एकदम टाकायचं, झाकण ठेवायचं आणि घासायला नंतर एकच भांडं आहे या सुखात जेवायला बसायचं. हे सुख मला कळतं. पण अशी एक कढई आमच्या संग्रामपुरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तिला सोय म्हणायचं कुणाला सुचलेलं नाही. मटण खाणाऱ्या बहुतेक घरांत एक भांडं वेगळं असतं. आमच्याकडे तो जर्मनचा गंज आहे, आतून पांढुरका, बाहेरून कुळकुळीत, गोठ्याच्या खुंटीला टांगलेला. त्याची राख वेगळी, घासणी वेगळी, सराटा वेगळा. दिवाळीला घरातली भांडी चिंच लावून घासतात, ओसरीवर उन्हात मांडतात. हा मात्र भावांशी न पटून वावरात झोपडी बांधून राहिलेल्या काकासारखा दूरच असतो. हिस्सा आहे, पण पंगतीत पान नाही.

या गंजालाही स्वतःचं सोवळं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. माझा एक बालमित्र नोकरीनं गोव्यात म्हापशाला असतो. मागच्या हिवाळ्यात तो शेगाव स्टेशनावर उतरला आणि गजानन महाराजांचं दर्शन न घेताच थेट आमच्याकडे आला. असं तो कधी करत नाही. कारण पिशवीत होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्यानं चोरीस आणले होते. डुकराचं मांस आणि चरबी बारीक चिरून, मीठ, लाल मिरची, लसूण, आलं आणि माडाचं व्हिनेगर लावून मुरवायचं, आतड्यात भरायचं, दोऱ्यानं जागोजाग बांधायचं आणि सुकवायचं. अशा माळा तिथे दुकानांतून लोंबत असतात आणि मीठ-व्हिनेगराच्या भरवशावर लांबचा प्रवास निमूट सोसतात. ओसरीवर त्यानं वर्तमानपत्राची घडी उलगडली. लालबुंद टपोरे मणी पाहून मायचे अंधुक डोळे लुकलुकले. ‘‘गोव्याहून माळ आणली का रे बाप्पा?’’ म्हणत तिनं हात पुढे केला. मित्र एवढ्या घाईनं मागे सरकला, की त्याची चप्पल अंगणात आणि तो ओसरीवर राहिला. ‘‘माय, हात नोको लावू,’’ एवढंच त्याला म्हणता आलं.

खरं काय ते कळल्यावर माय रागावली नाही. तिनं फक्त गोठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मटनाचा गंज नोको बाटवू पण.’’ मी बराच वेळ त्या वाक्याभोवती फिरत राहिलो. ज्या भांड्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नाही, त्यालाही जपायला एक प्रतिष्ठा होती. खाली पाहायला कुणीतरी लागतं, हे माणसांचं मला ठाऊक होतं. गंजाचंही तेच असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी माळ्यावरून एक लोखंडी कढई निघाली. तिचा एक कान तुटलेला होता आणि तळाला कोणे एके काळच्या पाकाचा डाग होता. सगळ्या भांड्यांमधून वजा करत करत आम्ही जगाच्या फॅशनपर्यंत येऊन पोचलो होतो.

आता वार ठरवायचा. सोमवार महादेवाचा. गुरुवार महाराजांचा, 23 फेब्रुवारी 1878 ला ते शेगावात प्रकटले, तेव्हापासून आमच्या भागातल्या बोकडांना आठवड्यातून एक दिवस निर्धास्त झोप मिळते. शनिवार मारुतीचा. मंगळवार बायको देवीचा धरते. शुक्रवार मोकळा होता, पण 1975 साली ‘जय संतोषी माँ’ हा सिनेमा आला आणि तोही हातचा गेला. रविवारी पाहुणे येतात आणि त्यांना काय चालतं याचा अंदाज नसतो. राहिला बुधवार. बुधाची आमच्याकडे कुठलीच तक्रार नाही. ‘‘अहो, घरात मात्र नाही,’’ बायकोनं सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. तिनं आपणहून भाकरीचं फडकं बांधून दिलं, ठेचा दिला, कांदे दिले, आलू दिले आणि ‘‘सोले वावरातलेच घ्या, वांगीही तिथं आहेत,’’ असंही बजावलं. चोरीस सोडले तर सगळ्या गोष्टी घरच्याच होत्या.

आमचं वावर सातपुड्याच्या बाजूला आहे. उत्तरेला डोंगर, त्यात अंबाबरवाचं अभयारण्य. 1997 साली ते जाहीर झालं आणि आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. वाघ आम्हाला क्वचित दिसतो. रोही आणि रानडुकरं मात्र नेमानं येतात. तूर शेंगांवर आली की कळप रात्री उतरतात, शेंगा खातात, मुळं उकरतात आणि खाण्याहून जास्त तुडवतात. सकाळी पाहावं तर जमिनीचे ढेकळाएवढे तुकडे उलटे पडलेले. अशा वेळी मला रामटेकच्या गडावरचा वाकाटककाळातला दगडी वराह आठवतो. त्यानं बुडालेली पृथ्वी सुळ्यावर उचलून धरली होती. त्याच्या वंशजांनी ती सवय सोडलेली नाही. फक्त आता ते पृथ्वी थोडीथोडी उचलतात, आमच्या सातबाऱ्यापुरती. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आपण पंचनामा करून घ्यायचा. म्हणून वावराला लोकांनी जुनी लुगडी बांधली आहेत. रंगीत कापड रात्री वाऱ्यावर हललं, की डुक्कर बिचकतं म्हणे. आमच्या धुऱ्यावर मायची नऊवारी आहेत, एक जांभळं, एक हिरवं, एक ओळखू न येणारं. जिनं आयुष्यभर दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, तिची लुगडी आता भुकेल्या जनावराला वेशीवर अडवत उभी होती, आणि त्याच लुगड्यांच्या आडोशाला आम्ही तीन दगडांची चूल मांडून डुकराचं मांस शिजवायला बसलो होतो. कोण कुणाचं काय खातं याचा हिशेब त्या दुपारी कुणाला सुटला नसता.

कृती इतकी सोपी, की ओशाळायला होतं. चोरीसचं वरचं आवरण काढायचं, मणी कढईत कुस्करायचे, उभा कांदा घालायचा आणि पेलाभर पाणी. तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही. तो सगळा संसार आतड्यात बांधूनच आलेला असतो. चूल पेटली की चरबी सुटते आणि कांदा त्या तांबड्या तुपात आपोआप परततो. गोव्यात यात आलू घालतात, शेंगवर्गातलं काही घातलं तर निराळा प्रकार होतो. मी तुरीचे हिरवे सोले आणि दोन चिरलेली वांगी टाकली. पाणी वान धरणाचं, घरून कॅनमध्ये नेलेलं. आमचा बराचसा मुलूख खारपाणपट्ट्यात आहे आणि विहिरीच्या पाण्यात दाणा शिजता शिजत नाही. सोले वाटाघाटी करत बसले असते. आंबूस, तिखट, धुरकट वास बांधावरून पसरू लागला. मी कढईत डोकावून पाहत होतो, तेव्हा मला जाणवलं, की आलू आणि मिरची, दोन्ही समुद्रापलीकडून आलेली. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात शिरले, त्या काळात इथल्या कुणाच्या आजीनं आलू-मिरचीचं नावही ऐकलं नसेल. आज आलू उपासालासुद्धा चालतो. डुक्कर मात्र इथला जुना रहिवासी, आणि त्यालाच तेवढं घरात येता येत नव्हतं.

आमचा सालदार लाकडं सारत होता. मी त्याला हौसेनं सांगितलं, की परदेशात एका भांड्यात सगळं करायची नवी टूम निघाली आहे. तो म्हणाला, ‘‘माह्या आजीजवळ एकच गंज होता, भाऊ. सकाळी त्यातच चाय, दुपारी त्यातच घाटा, अन् कधी डुक्कर कापलं तं थेही त्यातच.’’ त्यात तक्रार नव्हती. आजीची उंची सांगावी तसं त्यानं सांगितलं. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली आणि पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ नाव दिलं, ते मी वाचलं होतं, कपाटात नीट लावूनही ठेवलं होतं. डुकराच्या मांसाचं जेवण गोव्याहून रेल्वेनं मागवायची गरज नव्हती. ते आमच्या गावाच्या कडेला आधीपासून शिजत होतं, वाऱ्याच्या दिशेला आम्ही खिडक्या लावून घ्यायचो एवढंच. त्यानं सराटा माझ्या हातून घेतला, चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं आणि म्हणाला, ‘‘आलू आता टाका. आंधी टाकले असते तं गाळ झाला असता.’’ पुढचा स्वयंपाक त्यानं केला.

जेवायच्या वेळी शेजारच्या वावरातले दादा आले. ते मांस खात नाहीत. ‘‘मले फक्त आलू दे,’’ म्हणाले. मग एकेक फोड सराट्यावर घेऊन, कढईच्या काठाशी निथळू देऊन त्यांनी वेचली. कढईत सर्वांत जास्त चोरीस प्यालेली वस्तू कुठली असेल तर ती आलूची फोड, हे सांगायचा धीर आम्हाला झाला नाही. त्यांचं मन इतकं निर्मळ दिसत होतं, की सांगणाऱ्यालाच पाप लागलं असतं. भाकरीबरोबर त्यांनी सगळे आलू संपवले आणि गोव्याच्या आलवाची जातच वेगळी, असा शेरा मारला. मित्र लुगड्यांकडे तोंड करून बराच वेळ खोकत होता. आलू आठवडी बाजारातले होते.

संध्याकाळी मित्र आंघोळ करून शेगावला गेला. कढई सालदारानं मागून नेली. गोठ्यातल्या गंजाचा सोबती होण्याचा तिचा योग टळला. माय ओसरीवर सोले सोलत बसली होती. तिनं काही विचारलं नाही. मीच तिथे घुटमळत राहिलो, तेव्हा टोपलीतून नजर न काढता म्हणाली, ‘‘मीठ बराबर होतं?’’ मी म्हटलं, होतं. ‘‘अन् वांगं?’’ वांगं थोडं कमी पडलं, मी म्हटलं. ती एक शेंग बोटांनी दाबून पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘थो पुन्ना येनार असन तं लवकर ये म्हना त्याले. सोले निबर व्हाले लागले. अन् बुधवारी एकादशी आहे का, पाहून घेजो आंधी.’’