हँडल मारा, सुरक्षित राहा

मे महिन्यात आपल्याकडे दोन प्रकारची मान्सूनपूर्व कामं निघतात. पहिली सरकारी. त्यांत नाल्यांतला गाळ उद्दिष्टाच्या शंभर टक्क्यांहून जास्त निघतो आणि पावसाळ्यात वीज जाऊ नये म्हणून उन्हाळ्यातच दर गुरुवारी ती घालवून ठेवली जाते. दुसरी घरगुती. गच्चीला डांबर, गव्हाला एरंडेल, छत्र्यांच्या काड्या. या दुसऱ्या यादीत अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. हँडल मारायचा रेडिओ. त्यालाच पुढे विजेरी, मागे सौर पट्टी, वर वाचायचा दिवा, खाली फोन चार्ज करायचं भोक आणि बाजूला लाल बटण. ते दाबलं की भोंगा वाजतो. हा भोंगा ऐकून कोणी धावून यावं अशी अपेक्षा आहे. ज्या शहरात मोटार मागे घेतानाही आरत्या वाजतात, तिथे कोण धावणार हा प्रश्न खोक्यावर छापलेला नाही.

यांतला कुठला घ्यावा, हे ठरवायला आमच्या सोसायटीने समिती नेमली. (समिती नेमली की आपत्ती व्यवस्थापन निम्मं आटोपतं.) बैठक वीज असतानाच घ्यावी हे आधी ठरलं, कारण समितीतले निम्मे सदस्य सातव्या मजल्याच्या वर राहतात. नमुने टेबलावर मांडले. ग्राहकांचे अभिप्राय मोठ्याने वाचले गेले. त्यांतला एक मला फार प्रामाणिक वाटला: ‘पॅकिंग उत्तम, रंग फोटोत आहे तसाच. आपत्ती अजून आलेली नाही, आल्यावर कळवतो. पाच तारे.’

सर्वांत रुबाबदार नमुना माझा होता, भाच्याने न्यू जर्सीहून पाठवलेला. ‘मामा, याच्यात एएम, एफएम आणि वेदर बँड, तिन्ही आहेत. वादळ यायच्या आधी हा आपोआप वाजायला लागतो.’ भाचा खोटं बोलत नाही. तिकडे वाजतो. अमेरिकेच्या हवामान खात्याने त्यासाठी 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झच्या दरम्यान सात जागा राखून ठेवल्या आहेत आणि तिथे चोवीस तास हवामान सांगितलं जातं. आपल्याकडे अशी सेवा नाही, त्यामुळे त्या जागी नुसती खरखर लागते. आमच्या समितीतले एक निवृत्त गृहस्थ ती खरखर बराच वेळ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, ‘वारं पश्चिमेचं दिसतंय.’ तरीही इथल्या ऑनलाइन दुकानांत हाच पट्टा ‘हवामान इशारा सुविधा’ म्हणून विकला जातो आणि लोक त्याचे वेगळे पैसे मोजतात.

सौर पट्टीचं तसंच. काडेपेटीएवढ्या त्या पट्टीला बॅटरी भरायला दिवस दिवस कडक ऊन लागतं. आता, 22 जुलै 2021ला चिपळूणला पाणी शिरलं. त्या आठवड्यात चिपळूणकरांना एवढं ऊन मिळालं असतं, तर पूरच आला नसता.

मग जलरोधकता. खोक्यावर ‘आयपीएक्स-3’ असं काहीतरी दबदब्याने लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की तिरके तुषार उडाले तर यंत्र टिकेल. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो तुषार या सदरात मोडत नसावा. आयपीएक्सचा आकडा सात असेल, तर यंत्र मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतं. पण तेवढ्या किमतीत समितीला चहा-बिस्किटांसकट वर्ष काढता येतं, असं खजिनदारांनी निदर्शनास आणलं.

हँडलाकडे येऊ. हँडल मारणं आपल्याला नवं नाही. विहिरीवरची डिझेल इंजिनं हँडलावरच सुरू व्हायची. आणि पुणे सायकलींचं शहर होतं तेव्हा प्रत्येक सायकलच्या चाकाला एक डायनॅमो चिकटलेला असे. आत चुंबक, भोवती तारेचं वेटोळं. टायरला घासून चुंबक फिरला की दिवा लागे. चढावर मिणमिण, उतारावर लख्ख आणि थांबलं की अंधार. पोलीस नेमके थांबवून विचारत, ‘दिवा कुठाय?’ दिवा होता हे सिद्ध करायला पुन्हा सायकल चालवावी लागे आणि ती चालवायला लागलं की पोलिसाला वाटे, पळतोय. आजच्या हँडलाच्या रेडिओत तेच चुंबक आहे आणि तेच वेटोळं. फरक एवढाच, की मधे एक छोटी बॅटरी असल्याने थांबल्यावर लगेच अंधार होत नाही.

अशा वस्तू संकटात सापडलेल्यांसाठीच निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये फिलिप्सची मुठीत दाबायची विजेरी घरोघर होती. सेल मिळत नव्हते आणि रस्त्यावर दिवे नव्हते. चावीचा रेडिओ ट्रेव्हर बेलिस या इंग्रज गृहस्थांचा. आफ्रिकेतल्या एड्सवरचा कार्यक्रम त्यांनी 1991मध्ये टीव्हीवर पाहिला. माहिती पोचवायला रेडिओ हवा, पण लोकांना सेल परवडत नाहीत, हे ऐकल्यावर त्यांनी घड्याळासारखी स्प्रिंग घातलेला रेडिओ बनवला. हे बेलिस पूर्वी बर्लिनच्या सर्कशीत पाण्याखाली सुटकेचे खेळ करत, म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाची पात्रता त्यांच्याकडे आमच्या समितीपेक्षा अधिक होती. पुढे स्प्रिंग जाऊन आत बॅटरी आली, रचना बदलली आणि या शोधातून बेलिसना फारसे पैसे मिळाले नाहीत. वस्तू गरिबांसाठी निघाली. आज ती श्रीमंतांच्या कपाटात आपत्तीची वाट पाहत पडून असते.

कपाटात पडून राहण्यावरून आठवलं. आतली लिथियम बॅटरी वर्षानुवर्षं रिकामी पडली, तर ती पुन्हा भरून घेत नाही. म्हणजे ऐन वेळी हँडल फिरतं, घर्र आवाज येतो, घरातली माणसं कौतुकाने पाहतात आणि काहीच होत नाही. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवावं लागतं. आमच्याकडे हे काम कोणी करायचं यावर चर्चा झाली. मी मनगटाच्या जोरावर काहीतरी बोलल्यावर बायको म्हणाली, ‘अहो, ताकाची रवी सलग दोन मिनिटं फिरवून दाखवा, मग रेडिओचं बघू.’

तिचं म्हणणं गणिताने सिद्ध होतं. धडधाकट माणूस एवढंसं हँडल फिरवून फार तर दोन-तीन वॉट काढतो. छोट्या एलईडी दिव्याला एखादा वॉट पुरतो, रेडिओला त्याहून बराच कमी. त्यामुळे मिनिटभर हात चालवला की काही मिनिटं उजेड किंवा बातम्या मिळतात, हा सौदा न्याय्य आहे. पण खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते ‘मोबाईल चार्ज करा’. आजच्या मोबाईलची 5000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे 19 वॉट-तास. घट धरली नाही तरी सात-आठ तास हँडल. मिनिटाला सव्वाशे फेऱ्या धरल्या, तर पन्नास-साठ हजार फेऱ्या. एवढं करून फोन सुरू झाला, की पडद्यावर पहिली गोष्ट दिसेल ती ‘नेटवर्क उपलब्ध नाही’. 3 जून 2020ला निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीचे विजेचे खांब आडवे केले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि मोबाईलचे मनोरे गावाबरोबरच अंधारात होते. मनोऱ्याला हँडल नसतं.

म्हणून उरतो रेडिओ. इथे मात्र मस्करी थोडी बाजूला ठेवतो. एरवी फ्लॅटमध्ये मध्यम लहरींवर (म्हणजे एएमवर) काही नीट ऐकू येत नाही, कारण आपलेच एलईडी दिवे आणि चार्जर त्यात खरखर मिसळतात. सगळ्या गावाची वीज गेली, की हवा स्वच्छ होते आणि आकाशवाणी स्पष्ट लागते. मुंबई 1044 आणि 558 किलोहर्ट्झ, पुणे 792, रत्नागिरी 1143. एफएम पन्नास-साठ किलोमीटरवर दमतं आणि सह्याद्रीचा एखादा डोंगर आडवा आला तर त्याआधीच. मध्यम लहरी डोंगर ओलांडतात, रात्री तर शेकडो किलोमीटर जातात. आजोबा ट्रान्झिस्टर दोन्ही हातांत धरून हळूहळू गोल फिरत, ते विक्षिप्तपणाने नव्हे. आतल्या अँटेनाला दिशा असते. (हँडल मात्र ऐकता ऐकता फिरवू नये, डायनॅमोची खरखर त्याच लहरींत शिरते. ज्याने कष्ट करायचे त्याला बातमी कळू नये, ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे.)

गोम अशी, की आपण हँडल मारायला सज्ज झालो तेव्हा नेमकं पलीकडचं माणूस उठून चाललं आहे. मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपण केंद्रं देशात एकेक करून आवरती घेतली जात आहेत. रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून देशभर ऐकू यायची. ती 2019च्या सुरुवातीला बंद झाली. बहुतेक केंद्रं रात्री अकराच्या सुमारास आपला निरोप घेतात. आपत्तीला हे वेळापत्रक कोणी कळवलेलं दिसत नाही. किल्लारीचा भूकंप पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना झाला. खासगी एफएमवाले जागे असतात, पण त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. हवामान आणि वाहतूक या गोष्टी बातमी धरल्या जात नाहीत, म्हणून पाणी कुठवर आलं हे ते वाहतुकीची सूचना म्हणून सांगू शकतात.

सरकारला हे कळत नाही असं नाही. मोबाईलमधला एफएम रेडिओ बंद करू नका, आपत्तीत उपयोगी पडतो, असं 2023मध्ये केंद्राने मोबाईल कंपन्यांना लेखी कळवलं. तो लावायला वायरवाला इअरफोन लागतो, कारण वायर हीच अँटेना. आणि वायरवाला इअरफोन आता आजोबांच्याच खणात सापडतो. त्याच वर्षी देशात ठिकठिकाणचे मोबाईल अचानक किंचाळले, आठवतंय? आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. संदेशात लिहिलं होतं, की याकडे दुर्लक्ष करा. शासकीय सूचनेचं एवढं तंतोतंत पालन या देशात क्वचितच झालं असेल.

युरोपात आता आपत्तीची घरगुती तयारी फॅशनमध्ये आहे. बहात्तर तास पुरेल एवढं सामान घरात ठेवा, असं युरोपीय आयोगाने मार्च 2025मध्ये नागरिकांना सांगितलं. आयुक्त हादजा लाहबीब यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवली, त्यांत रेडिओ होता आणि पत्त्यांचा कॅटही. महिनाभराने, 28 एप्रिलला, स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. माद्रिदमध्ये लोक ट्रान्झिस्टरसाठी रांगेत उभे होते. पण तिथे रांगेतून रेडिओ मिळाल्यावर त्यावर कोणीतरी बोलत होतं.

मला विचाराल तर (समितीने विचारलं नाही, तिने तीन दरपत्रकं मागवली आणि यंत्र ऑफिसात कुलुपात ठेवून किल्ली सेक्रेटरींकडे द्यायचा ठराव केला, जे पावसाळ्यात मुलीकडे बंगळूरला असतात) पेन्सिल सेलवर चालणारा, मध्यम लहरी पकडणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या. विजेरी वेगळी घ्या. उजेड आणि बातम्या एकाच खोक्यात असल्या, की जिन्यातून उतरणारा दोन्ही घेऊन जातो. सेल बाहेर काढून ठेवा, आत गळतात. हँडलवालं यंत्र हवंच असेल, तर त्यात सेलचाही कप्पा आहे ना ते पाहा आणि हँडलाचा सांधा हलवून बघा, पहिला तोच तुटतो. आपल्या केंद्राचा आकडा मार्करने मागे लिहून ठेवा. वेदर बँड, होकायंत्र आणि शिट्टी यांचे पैसे देऊ नका. होकायंत्र पाहून पुरात कोण कुठे निघणार आहे?

या सगळ्याला शासनाची योजना मिळायला फार दिवस लागणार नाहीत. मला ती आत्ताच दिसते आहे. प्रत्येक पात्र कुटुंबाला एक यंत्र. आपत्ती सुरू झाल्यापासून चोवीस तासांत ऑनलाइन अर्ज, मोबाईलवर ओटीपी, सोबत गेल्या आपत्तीत बाधित असल्याचा तलाठ्याचा दाखला. हँडल फिरवतानाचा कुटुंबप्रमुखाचा फोटो पोर्टलवर टाकणं सक्तीचं. यंत्राच्या चारही बाजूंना मान्यवरांचे चेहरे असतील, जागा कमी पडल्यास हँडलावरही. मग पहिल्याच वाटपाच्या कार्यक्रमात कोणीतरी नजरेस आणून देईल, की हँडल फिरलं की साहेबांचा चेहरा पुसट दिसतो, आणि पुढच्या टप्प्यापासून हँडल जागच्या जागी पक्कं करून देण्यात येईल.